अडलेले आणि नसलेले

सांगलीच्या विश्रामबागेत, अभियांत्रिकी महाविद्यालयापासून फार लांब नसलेल्या एका गाळ्यात संगणकदुरुस्तीचा व्यवसाय करीत असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती अशी, की बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे हे तुलनेने सोपे काम असून, चालू असलेले पण मनाजोगे न चालणारे यंत्र हाती आले म्हणजे दुरुस्ती करणाराची खरी परीक्षा सुरू होते. बंद यंत्रात दोष कोठेतरी निश्चित असतो, तो सापडला की काम संपले, आणि यंत्र सुरू झाले याबद्दल गिऱ्हाइकाचे व माझे दुमत होण्याचे कारण उरत नाही. ‘हळू चालते’ या फिर्यादीला मात्र असा निकालाचा मुद्दा नसतो. कशापेक्षा हळू, कोणाच्या मते हळू, आणि मुळात ते याहून जलद कधी चालत होते काय, या प्रश्नांची शहानिशा झाल्यावाचून एक स्क्रूदेखील सैल करण्यात अर्थ नसतो.

ही फिर्याद घेऊन येणाऱ्यांत मोठा भरणा असतो तो वसतिगृहातील मुलांचा. थोरल्या भावाची किंवा मामेभावाची नोकरी लागली, त्याने नवा लॅपटॉप घेतला, आणि त्याचा दहाबारा वर्षांचा जुना लॅपटॉप वारसाहक्काने धाकट्याकडे आला, अशी बहुतेकांची हकीकत असते. अभ्यासाला तो पुरतो. पण रात्री मित्रमंडळी खेळायला बसली म्हणजे याचाच खेळ अडखळतो आणि याच्यामुळे संघ हरतो. वडीलधाऱ्यांना हे दुःख क्षुल्लक वाटते, मला मात्र ते तसे कधीच वाटले नाही. पत्र टंकलिखित करताना किंवा व्याख्यान पाहताना यंत्राचा एखादाच अवयव राबत असतो, तर खेळ चालू असताना प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, स्मृती, तबकडी, पंखा आणि वीजपुरवठा या सर्वांना एकाच वेळी आपापली पूर्ण शक्ती पणास लावावी लागते. त्यामुळे अन्य कोणत्याही कामात वर्षानुवर्षे झाकून राहिलेले वैगुण्य खेळात घटकाभरात उघडे पडते. जुन्या यंत्राची प्रकृती तपासण्याला याहून कठोर परीक्षक मला आजवर आढळलेला नाही.

“काका, गेम लॅग मारतोय,” एवढेच मुलगा सांगतो, आणि त्याच्या मते त्यात सर्व काही आले. मी त्याला कार्ड कोणते, रॅम किती, हे आरंभी विचारीतच नाही, कारण ते मला यंत्रच सांगणार असते. मी विचारतो ते ‘केव्हा’. खेळ उघडल्याच्या पहिल्या क्षणापासून चित्र मंद असेल, तर संशय बहुधा ड्रायव्हरवर, किंवा काम भलत्याच कार्डाकडे गेले आहे यावर जातो. पहिली दहा-पंधरा मिनिटे खेळ छान चालून नंतर एकाएकी जड होत असेल, तर तो उष्णतेचा परिणाम होय. नवा परिसर किंवा नवी इमारत पडद्यावर आली की तेवढ्यापुरता धक्का बसून पुन्हा सुरळीत चालत असेल, तर तबकडी किंवा स्मृती अपुरी आहे असे समजावे. आणि लॅपटॉप वीजजोडणीवर असताना नीट चालून बॅटरीवर येताच निम्म्यावर येत असेल, तर त्यात दोष काहीच नाही, ती वीज वाचविण्याची तजवीज आहे. सगळ्याच तक्रारी या चार खणांत बसतात असे मी म्हणणार नाही. पण निदानाचा निम्मा मार्ग यंत्र उघडण्यापूर्वीच, केवळ नीट ऐकून घेतल्याने सरतो, याची खातरजमा मला वारंवार झालेली आहे.

ऐकल्यानंतर मोजणे येते. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला पडणाऱ्या चित्रांची संख्या दाखविणारी साधने फुकट मिळतात, आणि मुले त्या आकड्याकडे नाडी पाहावी तसे पाहत असतात. परंतु हा आकडा सरासरीचा असल्यामुळे फसवा असतो. सेकंदाला ६० चित्रे पडायची तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात, ३० पडायची तर सुमारे ३३.३. आता एखाद्या सेकंदात बहुतेक चित्रे झरझर पडून मध्येच एकच चित्र दोनशे मिलिसेकंद अडून बसले, तर सरासरीच्या आकड्यात त्याची दखल जेमतेम लागते, पण खेळणाऱ्याच्या हाताला ते अडणे लख्ख कळते, आणि नेमके त्याच क्षणी त्याला गोळी लागलेली असते. म्हणून मी सरासरी बाजूला ठेवून सर्वांत संथ अशा चित्रांचा हिशेब पाहतो, त्याच्या जोडीला तपमान आणि प्रोसेसरचा वेग यांच्या रेषा लावतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजतो. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र सुधारले, तर गिऱ्हाईक खूश होते हे खरे. पण कोणत्या उपायाने गुण आला हे न कळल्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी आपण होतो तेथेच असतो.

आता ड्रायव्हरविषयी. कार्यप्रणालीला कार्डाची भाषा येत नाही आणि कार्डाला कार्यप्रणालीची. या दोहोंच्या मध्ये उभा राहणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. दुभाष्या जुना झाला, चुकीच्या दरबारचा निघाला, किंवा दोन दुभाषे एकदम बोलू लागले, की दोन्ही पक्ष धडधाकट असूनही व्यवहार बिघडतो, आणि पाहणाराला मात्र वाटते की कार्डच गेले. जुन्या लॅपटॉपात हा घोटाळा अधिक होण्याचे कारण असे, की त्यांतील पुष्कळांत ग्राफिक्सची कार्डे दोन असतात: एक इंटेलच्या प्रोसेसरच्या पोटातच असलेले, अल्प विजेवर चालणारे, आणि दुसरे एन्व्हिडिया किंवा एएमडी यांचे स्वतंत्र, अधिक सामर्थ्याचे. २०१० साली एन्व्हिडियाने ऑप्टिमस नावाची जी व्यवस्था आणली तिच्यात स्वतंत्र कार्डाने चित्र तयार करावे आणि ते पडद्यावर पोचविण्यासाठी इंटेलच्या स्वाधीन करावे, अशी कामाची वाटणी आहे. म्हणजे अशा लॅपटॉपात पडदा जोडलेला असतो तो नेहमी इंटेललाच. बलवान कार्डाने कितीही पराक्रम केला तरी तो दुर्बळ कार्डाच्या हातूनच जगासमोर यावयाचा.

ही वाटणी ठाऊक नसल्याने काय होते, याचा एक दाखला तपशिलाने देण्याजोगा आहे. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी २०१२ च्या सुमाराचा एक लॅपटॉप घेऊन आला. त्यात इंटेलचे एचडी ४००० आणि एन्व्हिडियाचे जीटी ६३०एम अशी दोन कार्डे होती. त्याने प्रथम एन्व्हिडियाचा अगदी ताजा ड्रायव्हर उतरवून घेतला, तर तो म्हणाला की आपल्याशी जुळणारे कार्ड येथे नाहीच. मग कोणा मित्राने त्याला मसलत दिली, की इंटेलचे कार्ड मध्ये तडमडत असल्यामुळे खेळ त्याच्यावर चालतो, सबब ते डिव्हाइस मॅनेजरमधून काढून टाकावे, म्हणजे खेळाला एन्व्हिडियाकडे जाण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. मुलाने ते काढले. परिणामी पडद्याचा कारभार मायक्रोसॉफ्टच्या मूलभूत ड्रायव्हरकडे गेला, एन्व्हिडियाने तयार केलेले चित्र स्वीकारण्यास कोणी उरले नाही, आणि पूर्वी निदान रखडत चालणारा खेळ आता उघडेनासा झाला. एन्व्हिडियाची नियंत्रणपेटी उघडावी तर ती सांगे, की तुम्ही सध्या एन्व्हिडियाला जोडलेला पडदा वापरत नाही; त्यावर मुलगा म्हणे, “काका, पडदा तर एकच आहे, तो जोडायचा कुठे?” प्रश्न बिनतोड होता. यंत्राने सांगितलेले अक्षरशः सत्य असूनही त्यातून कोणाला काही बोध होऊ नये, याचे याहून उत्तम उदाहरण मला देता येणार नाही.

उपाय क्रमाचा होता. आधी वायफाय बंद केले. कारण आपण एक ड्रायव्हर काढून दुसरा बसविण्याच्या मधल्या वेळात विंडोज अपडेट स्वतःच्या मुखत्यारीत तिसराच आणून बसविते, आणि मग कोणाचा अंमल चालू आहे हे कळेनासे होते. नंतर सेफ मोडमध्ये यंत्र उघडून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनाने दोन्ही कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरांचे अवशेष झाडून काढले. मग लॅपटॉपच्या नमुन्यासाठी असलेला इंटेलचा ड्रायव्हर प्रथम बसविला, पुन्हा सुरू करून पडदा त्याच्या मूळ १३६६ बाय ७६८ बिंदूंवर आल्याची खात्री केली, आणि त्यानंतरच एन्व्हिडियाचा. तोही ताजा नव्हे: ६३०एम हे फर्मी कुळातील कार्ड असून त्या कुळाचा नियमित पाठिंबा एन्व्हिडियाने २०१८ च्या एप्रिलमध्ये थांबविला, तेव्हा त्यापूर्वीच्या मार्चमधील ३९१.३५ हा ड्रायव्हर घेतला. सरतेशेवटी नियंत्रणपेटीत त्या खेळाच्या मुख्य फाइलीला बलवान कार्ड नेमून दिले. येथे आणखी एक खोच असते. मुले ज्या चिन्हावर टिचकी मारून खेळ उघडतात ते पुष्कळदा नुसत्या लाँचरचे असते, आणि कार्ड त्यालाच नेमले जाऊन प्रत्यक्ष खेळ इंटेलवरच राहतो. त्या मुलाचा खेळ तिशीच्या वर स्थिरावला, आणि ‘तडमडणारे’ इंटेलही आपल्या जागी सुखरूप राहिले.

कोणता ड्रायव्हर हवा हे शोधण्यासाठी लोक अनेकदा ‘सर्व ड्रायव्हर एका ठिकाणी’ असे आश्वासन देणारे प्रोग्राम घेतात आणि सोबत दहा नको असलेले पाहुणे घरात आणतात. वास्तविक प्रत्येक कार्ड आपला कुलवृत्तांत स्वतःजवळ बाळगून असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या तपशिलात हार्डवेअर आयडी म्हणून जी ओळ असते तिच्यात आधी निर्मात्याचा क्रमांक, मग नमुन्याचा आणि मग लॅपटॉप जुळविणाऱ्या कंपनीचा क्रमांक येतो. इंटेलने स्वतःसाठी घेतलेला क्रमांक आहे ८०८६, म्हणजे १९७८ साली बाजारात आलेल्या आपल्या सुप्रसिद्ध प्रोसेसरचेच नाव. पूर्वजाच्या नावाची मुद्रा अशी प्रत्येक वंशजाच्या कपाळी पाहून मला अजूनही मौज वाटते. यांतील तिसरा क्रमांक दुर्लक्षिण्याजोगा नाही, कारण एकाच नावाचे कार्ड दोन कंपन्यांच्या लॅपटॉपात निराळ्या जोडणीने बसविलेले असू शकते, आणि जुन्या यंत्राला कार्डनिर्मात्याच्या ड्रायव्हरपेक्षा लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हरच अधिक मानवतो, असा अनुभव पुष्कळदा येतो.

तथापि ड्रायव्हरवर येणाऱ्या आरोपांपैकी बरेच आरोप निराधार असतात. पडदा क्षणभर काळा होऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबविले होते’ असा संदेश येतो, तेव्हा विंडोजने एवढेच केलेले असते, की कार्डाकडून दोन सेकंद उत्तर आले नाही म्हणून त्याला नव्याने सुरू केले. उत्तर का आले नाही, हे त्या संदेशात नसते. रजिस्ट्रीमध्ये ही दोन सेकंदांची मुदत वाढवून देणारे कारागीर मी पाहिले आहेत; त्याने संदेश येणे थांबते, दुखणे तसेच राहते. अशा वेळी मी लॅपटॉप उलटा करून तळ उघडतो. आमच्या मुलखात यंत्र कोठून आले हे त्याचा पंखा सांगतो: इचलकरंजीच्या मागवाल्याच्या घरचा असेल तर तांब्याच्या पट्ट्यांच्या तोंडाशी सुताच्या तंतूंचा असा घट्ट थर बसलेला असतो की तो चिमट्याने अखंड उचलून घ्यावा, सांगलीच्या पेठेतील हळदीच्या अडत्याचा असेल तर धूळ पिवळसर असते आणि बोटाला तिचा वास राहतो. पंखा पूर्ण वेगाने फिरतो, आवाजही भरपूर करतो, पण वारा बाहेर जाण्यास वाटच नसते. खाली प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप वाळून त्याचे पापुद्रे झालेले असतात. त्या पिढीचे कित्येक प्रोसेसर १०५ अंश सेल्सिअसच्या मर्यादेपाशी आले म्हणजे स्वतःला जाळून घेण्याऐवजी आपला वेग उतरवितात. खेळ पंधरा मिनिटांनी जड होतो तो याच शहाणपणामुळे. एप्रिल-मे महिन्यांत, बाहेर चाळीस अंश असताना आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला असताना, त्या पंधरा मिनिटांची पाच होतात. ब्रश, नवा लेप आणि लॅपटॉपखाली एक पाट एवढ्याने जे साधते, ते पुष्कळदा कोणत्याही ड्रायव्हरने साधत नाही.

स्मृतीच्या बाबतीतही असेच. इंटेलच्या अंतर्गत कार्डाला स्वतःची स्मृती नसते. ते यंत्राच्या रॅममधूनच आपला वाटा घेते. जुन्या लॅपटॉपात काटकसरीने बहुधा रॅमची एकच पट्टी असते. १६०० वेगाच्या डीडीआर-थ्री पट्टीतून सेकंदाला सैद्धांतिकदृष्ट्या १२.८ गिगाबाइट वाहतात, तशीच दुसरी पट्टी शेजारच्या खाचेत बसविली की ही क्षमता २५.६ वर जाते. गिऱ्हाइकाला वाटते की आपण चार जीबीची आठ केली. वस्तुतः अंतर्गत कार्डाच्या दृष्टीने खरा लाभ वाढलेल्या साठ्याचा नसून दुसऱ्या वाटेचा असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागविलेली एक वापरलेली पट्टी आणि फिरत्या तबकडीच्या जागी साधी एसएसडी, एवढ्या माफक खर्चात मी पुष्कळ यंत्रे पुन्हा उभारीला आलेली पाहिली आहेत. वीजपुरवठ्याचे प्रकरण तर याहून साधे: मूळचा ९० वॅटचा अडॅप्टर हरवल्यामुळे कोणीतरी ६५ वॅटचा आणलेला असतो, लॅपटॉप चार्जही होतो, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण दोन्ही कार्डे एकदम कामाला लागली की वीज पुरत नाही आणि यंत्र आपली धाव आवरते घेते.

येथवर सांगितले ते सारे अडलेल्या सामर्थ्याविषयी. यंत्रात ते होते, कोणीतरी ते अडविले होते, आम्ही अडसर काढला. पण जे मुळातच नाही ते देणे आमच्या हाती नसते, आणि ही सीमारेषा कोठे आहे हे ठरविणे मी माझ्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग समजतो. २०२३ च्या सप्टेंबरात काउंटर-स्ट्राइकची नवी आवृत्ती जुन्या ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या जागी आली, तिने डायरेक्टएक्स ९ या जुन्या ग्राफिक्स-प्रणालीचा आधार सोडला, आणि काल रात्रीपर्यंत खेळणारी मुले सकाळी लॅपटॉप काखोटीला मारून दारात उभी राहिली. ज्यांच्याजवळ इंटेलचे २०११ च्या पिढीचे एचडी ३००० होते त्यांचे कार्ड डायरेक्टएक्स १०.१ च्या पलीकडे जाणारे नव्हते, आणि नव्या आवृत्तीला त्याच्या पुढचे हवे होते. तेथे ड्रायव्हर बदलणे, पंखा पुसणे, रॅम वाढविणे हे सारे व्यर्थ होते. त्याच कार्डाला २०२१ च्या मध्यावर माइनक्राफ्टच्या १.१७ या आवृत्तीनेही दाराबाहेर ठेवले होते, कारण तिला लागणारी ओपनजीएल ३.२ ही ग्राफिक्स-प्रणाली ते कार्ड विंडोजवर देऊ शकत नव्हते. अशा वेळी ‘बघतो, ठेवून जा’ असे म्हणून दोन दिवसांनी काही पैसे घेणे सोपे असते. मुलगा नाराज होतो, क्वचित त्याचे वडील फोनवर विचारतात, “साहेब, थोडेफार तरी काही करता येणार नाही का?” आणि त्यांना नाही म्हणून सांगताना त्याचे कारणही सांगावे लागते; कारण न सांगता दिलेला नकार लोकांना अज्ञान वाटतो, आणि पुष्कळदा तो असतोही.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, आणि मनाला लागतो तो हाच. तेथे कार्डात सामर्थ्य असते, अडसरही नसतो, पण ड्रायव्हर लिहिणारांनी हात आखडता घेतलेला असतो. एएमडीने २०१५ च्या अखेरीस रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० या मालिकांना जुन्या खात्यात टाकले. एन्व्हिडियाच्या फर्मीची मुदत २०१८ मध्ये, लॅपटॉपातील केप्लर या तिच्या पुढच्या कुळाची २०१९ मध्ये सरली. सर्वच कार्डांना सदैव पोसणे कोणत्याही कंपनीला परवडणार नाही हे मला मान्य आहे. परंतु मुदत संपणे आणि सामर्थ्य संपणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे लिनक्सच्या मेसा या मुक्त ड्रायव्हरसंचाकडे पाहिले म्हणजे कळते: विंडोजवर ज्यांचे पालकत्व उरलेले नाही अशा रेडिऑन कार्डांचे ड्रायव्हर तेथे कंपनीचा पाठिंबा सरल्यानंतरही वर्षानुवर्षे सांभाळले गेले. प्रत्येक मुलाला लिनक्स देऊन चालत नाही, कारण त्याचे मित्र जो खेळ खेळतात त्याची फसवणूकविरोधी यंत्रणा तेथे चालेलच असे नाही. म्हणून मी माझ्यापुरती एक व्यवस्था केली आहे. लॅपटॉप कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून जुन्या नमुन्यांची पाने कधी नाहीशी होतील याचा नेम नसल्यामुळे, हाताखालून गेलेल्या प्रत्येक नमुन्याचे चालते ड्रायव्हर, नमुन्याचे नाव, कार्डाचा क्रमांक आणि बसविण्याचा क्रम यांच्या नोंदीसह एका वेगळ्या तबकडीवर दफ्तरी लावून ठेवतो, आणि गिऱ्हाइकालाही त्याच्या यंत्राच्या ड्रायव्हरांची जोडी पेनड्राइव्हवर देऊन ती जपण्याची ताकीद देतो.

काम संपले म्हणजे यंत्राबरोबर मी एक कागद देतो. त्यावर दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे आकडे असतात, काय काय अडले होते आणि काय मोकळे केले ते असते, आणि शेवटच्या ओळीत हे यंत्र यापुढे कोणते खेळ खेळू शकणार नाही ते स्पष्ट लिहिलेले असते. ही शेवटची ओळ वाचून काही जण हिरमुसतात, काही तेथल्या तेथे नव्या लॅपटॉपचा विषय काढतात. पण ज्याला आपल्या यंत्राची मर्यादा आकड्यांनिशी कळली, तो पुढे कोणाच्या सांगण्यावरून इंटेलचे कार्ड काढून टाकीत नाही, मुदती वाढवीत नाही आणि नसलेल्या सामर्थ्यासाठी पैसा खर्च करीत नाही. जुन्या यंत्रात नवे बळ घालण्याची विद्या मला अवगत नाही; त्यात जेवढे आहे तेवढे पुरते बाहेर यावे, आणि उरलेले नाही हे धन्याला निश्चित कळावे, एवढ्याचीच मजुरी मी घेतो.